उजव्या मनगटावरचं घड्याळ

"सर, मी चुकीचं कापलं का?"
मास्कमधून केतकी घरतचा आवाज आला
आणि चार नंबरच्या टेबलाभोवतीची कुजबुज थांबली.

नेरुळ. सकाळचे साडेदहा.
एक्झॉस्ट पंखा फॉर्मलीनची हवा
मागच्या भिंतीबाहेर ढकलतोय.
डाव्या हाताची कातडी
उशीच्या अभ्र्यासारखी बाजूला सारलेली.
मनगटाच्या जरा वर, जिथे कंडरा हवी,
सुतळीएवढी, पांढरी, ताठ,
तिथे मांस.
बोटभर जाड, शिळ्या चहाच्या रंगाचं.
आणि वर कोपराकडे, जिथे मांस हवं,
तिथे नुसती दोरी.

मी चिमट्यानं दोरी ओढून पाहिली.
तळवा ओढल्यासारखा हलला.
म्हणजे चालत होता, उलटा का असेना.

पामारिस लाँगस. तळहाताचा लांब स्नायू.
परीक्षेत दोन ओळींत उरकायचा.
कित्येकांना तो नसतोच,
आणि नसला म्हणून कुणाचं अडत नाही.
मुलांनी ग्लोव्ह काढले,
अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवलं,
"माझा आहे", "माझा एकाच हातात" असा गलका झाला.
मी माझे ग्लोव्ह काढले नाहीत.
माझा नाहीये.

फोन बाहेर ठेवायचा नियम आहे, म्हणून म्हटलं, चित्र काढा.
केतकीनं काढलं, खोडलं, पुन्हा काढलं.
हात पुस्तकातलाच स्नायू काढत होता,
डोळे समोरचा बघत असूनही.
तिसऱ्या वेळी तिनं वही उलटी फिरवली,
मग जमलं.

तांडेल बादली घेऊन मागे उभे होते.
"खाडीवरच्या फ्लेमिंगोचा गुडघा पन उलटाच वाकतो, सर."
"तो गुडघा नाही, घोटा असतो."
सवय माझी, दुसरं काय.
"मंग गुडघा कुठं?"
"वर. पिसांत."
तांडेल बराच वेळ
त्यांच्या मनातल्या पक्ष्याकडे बघत राहिले,
बादली हातातच.

ऑगस्टात आम्ही देहदात्यांच्या घरच्यांना बोलावतो.
तुळशीचं रोप, प्रमाणपत्र, अधिष्ठात्यांची चार वाक्यं, चहा.
कुठलं नाव कुठल्या नंबराचं
ते रजिस्टर माझ्या कपाटात असतं, किल्लीही माझ्याकडेच.
तरीही मी ठोसरबाईंच्या शेजारची खुर्ची घेतली.
की म्हणूनच?

घणसोलीहून एकट्याच आल्या होत्या, रिक्षा करून.
पर्समधून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ.
"हे कुणाला उपयोगी पडेल का? चालू आहे.
आमच्या लग्नात माझ्या भावानं दिलेलं.
ह्यांनी आयुष्यभर उजव्या हातात घातलं.
डाव्यात पट्टा रुततो म्हणायचे.
भाऊ तेव्हा रुसला तो रुसलाच.
रबाळ्याला फिटर होते, दिवसभर पाना फिरवायचा,
संध्याकाळी डावं मनगट टम्म.
डॉक्टर म्हणाले वात.
सासूबाई म्हणाल्या नखरा."
थोडं थांबून, हळू:
"मीसुद्धा एकदा म्हणाले होते."

टेबलावर जे सापडतं ते घरी जात नाही.
हा नियम मीच दरवर्षी मुलांना वाचून दाखवतो.
हातातला चहा निवला.
"रुतत असणार," मी म्हणालो.
"खरंच रुतत असणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
विचारतील असं वाटलं.
विचारलं नाही.

घड्याळ माझ्या तळहातावर ठेवून
पदर सावरत त्या उठल्या, रोप घ्यायला विसरल्या,
तांडेल ते घेऊन गेटपर्यंत धावले.
मी पट्टा उलगडून बघत होतो.
कारखान्यातली सहा भोकं एका रांगेत,
आणि पार टोकाला, कडेला लागून,
खिळ्यानं पाडलेलं सातवं,
वाकडं,
त्यात काटा कधी अडकवल्याची खूण नव्हती.