चांदणी उघडी राहिली

शनिवार पेठेत, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
शर्वाणी मला शिकवते :
ओळीआधी जाळीची खूण, मग एक जागा सोडा,
झालं शीर्षक.

चाळीस वर्षं खिळे जुळवले मी बुधवारात.
ठळक अक्षर हाताला जरा जड लागायचं,
किंवा मलाच वाटायचं तसं.
आता शब्दाच्या दोन्ही कडांना
दोन-दोन चांदण्या. वजन काहीच नाही.

एकेकच लावली की तिरपं.
आमच्या केसात तिरपा ‘ळ’ नव्हताच;
पत्रिका छापायला आलेल्या गुंदेचांना
मी तसं तोंडावर सांगितलं होतं.

“काका, शेवटची चांदणी राहिली.”
खरंच की. शब्द ताठ उभा
आणि त्याच्यापुढे ती एकटी, उघडी.

परिच्छेद संपला की रिकामी ओळ, म्हणाली.
रिकामी?
आमची रिकामी जागा शिशाची असायची गं,
किलोवर आणलेली.

“आणि चांदणी चांदणीच दिसायला हवी असेल तर?”
“तिच्याआधी उलटी तिरपी रेघ.”
टाकली.
चांदणी जागची हलली नाही.

बराच वेळ बघत बसलो.
शर्वाणीनं डबा उघडला,
म्हणाली, याद्या उद्या.