तीन नंबर

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यामागे
मुकादमचाचांचं गॅरेज. पाटी नाही.
माडाला टेकवलेला गंजका सायलेन्सर, तीच खूण.

दोन दिवस गाडी आसूदच्या चढावर धापा टाकत होती.
उभी केली की आरसा थरथरायचा,
आरशातले माड, मी, मागची सीट, सगळं हिवताप आल्यासारखं.
पिवळा दिवा लुकलुकत होता.
“नुसता पेटून राहिला असता तर एक वेळ आणली असतीस.
लुकलुकतो तेव्हा पळवायची नाय.
न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन जळतं,
आतली जाळी वितळते. तिची किंमत ऐकशील तर
चालत जाशील.”

बॉनेट उघडलं नाही त्यांनी.
मागे उकिडवे बसले, धुराच्या नळीपुढे तळवा धरला,
डोळे मिटले.
“एक… चार, दोन. एक… चार, दोन.”
मला वाटलं चाचा मोजायला चुकतायत.
“पेटायचा क्रमच तो. एक, तीन, चार, दोन.
तीन येत नाय.”

मग खात्री करायची म्हणून
एकेक कॉइलचं कनेक्टर काढत गेले, चालू इंजिनवर.
एक काढला, गाडी मरायला आली.
दोन काढला, तसंच. चार, तसंच.
तीन काढला.
काहीच झालं नाही.
“ज्याच्या जाण्याने फरक पडत नाय,” ते म्हणाले,
“तो आधीच गेलेला.”
पलीकडे बर्फ फोडणारा थांबला, बिडी पेटवली,
पुन्हा फोडू लागला.

प्लग काढला. ओला. पेट्रोलचा वास.
म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही.
भोकावर अंगठा दाबून म्हणाले, मार सेल्फ.
अंगठा फटकन उडाला. म्हणजे दाब आहे, पोटात बळ आहे.
तीनची कॉइल दोनवर, दोनची तीनवर.
दोन पेटला. तीन गप्प.
“कॉइल बिचारी निर्दोष. उगाच अठराशे घातले असते कुणीतरी तुझ्या उरावर.”
प्लगचीही अदलाबदल. तीन गप्पच.

दापोलीतला स्कॅनर तीनशे घेतो, आकडा दाखवतो.
चाचा कनेक्टर उन्हाकडे धरून आत बघत राहिले,
दाढ बघावी तसे.
“हे बघ.”
पितळी पिनेवर हिरवट भुकटी.
कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं
तशी कळकलेली.

“गाडी पुळणीवर नेलीस?”
“नाही.”
“लाट आली अंगावर?”
“नाही हो चाचा.”

त्यांनी पिनेवर बोट फिरवलं,
जिभेच्या टोकाला लावलं,
थुंकले.
काही बोलले नाहीत.

कर्द्याच्या पुळणीवर, शनिवारी, भरतीच्या वेळी
पुण्याच्या पाहुण्यांना फोटो हवा होता, चाकांखाली फेस.
पाचशे दिले त्यांनी.
ओकबाईंची गाडी. ओकबाईंना ठाऊक नाही.
लाट बॉनेटवरून काचेवर आली तेव्हा
सगळे ओरडले आनंदाने, मीही ओरडलो.

जुना दातांचा ब्रश, स्प्रेचा एक फवारा,
बारीक पॉलिश कागद, फुंकर.
पिनेवर पुन्हा पितळ दिसलं.
मी चावी फिरवली.
आरसा स्थिर. त्यात माझा चेहरा, नको इतका स्पष्ट.

दीडशे रुपये झाले. मालकिणीला द्यायला चिठ्ठी हवी म्हटलं
तर चाचांनी कॅलेंडरचं पान फाडलं,
मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं:
कनेक्टर साफ केला. कारण, खारी हवा.

हे वाचून मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते दुसऱ्या कुणाच्या स्कूटरचं चाक फिरवत होते.

मुरुडपर्यंत काच खाली करून आलो, ऐकत.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
चिठ्ठी सनशेडला खोचली आहे.
तीन आठवडे झाले.
ओकबाई रोज विचारतात, आता बरी चालते ना रे?
बरी चालते, म्हणतो.