तीन दहा ते चार चाळीस

ल्यूटन. नावातच लूट आहे गं, असं म्हणून बहीण
फोनवर हसली होती, मी इथे आले तेव्हा.
एकतीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे गेली.
आता बस स्टॉपवर उभी असते,
शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत.

हळदीच्या रंगाचं जाकीट, दोन मापं मोठं.
प्रशिक्षण आठ तासांचं, चर्चच्या सभागृहात:
मध्ये पडायचं नाही. ओरडायचं नाही.
जखमेवर हात दाबून धरायचा, आणि धरूनच ठेवायचा.
बाकी वेळ नुसतं दिसायचं.
मला तर जन्मभर शिकवलं होतं,
चारचौघांत दिसू नये.

ग्लेनरॉय समोरच्या फुटपाथवर, चिकनच्या दुकानापाशी.
मुलाचं नाव तो घेत नाही.
थर्मास उघडला की तीन कप काढतो,
मग एक परत पिशवीत ठेवतो.

मुलांना मी चालीवरून ओळखते.
तादिवाला घरी जायला पुलाखालून सात मिनिटं लागतील,
तो चाळीस मिनिटांचा वळसा घालतो.
एप्रिलमध्ये पुलाखाली कायरन पडला, त्याच्याच वर्गातला.
तिथे आता सेलोफेनमधली फुलं
आणि फुटबॉलचा एक बूट, पाणी साठलेला.

"मिस, तुम्ही कुणाला घाबरता?"
म्हटलं, गुडघ्यांना.
हसला, एका गालाने.

त्याची आई रुडो, वृद्धाश्रमात रात्रपाळीला.
बसची वाट बघताना बोलते: बॉयलर, बिलं,
आणि परवा म्हणाली, भाजीची सुरी सापडत नाही,
दोन आठवडे पावाच्या करवतीनं कांदा कापतेय.
मी तिच्याकडे पाहिलं. तिनं रस्त्याकडे.
"बस आली," दोघी एकदमच म्हणालो.
बस आली नव्हती.

गुरुवारी चारलाच दिवे लागले.
तादिवा आला, दप्तर पोटाशी धरून.
"त्या पिवळ्या डब्याला कॅमेरा आहे?"
नाही.
"आईचीच आहे. घरी नेऊन ठेवली तर?"
अरे बाळा, घरापर्यंत न्यायची म्हणजे परत तेच,
ती खिशात, आणि तू चौदा वर्षांचा.
हे मराठीतच निघालं तोंडून.
त्याला शब्द नाही, आवाज कळला असावा.

ग्लेनरॉय रस्ता ओलांडून आला. काही विचारलं नाही.
चर्चच्या भिंतीपर्यंत तिघं गेलो.
मोज्यात गुंडाळलेली ती, फटीतून आत पडली.
आवाज तळाचा नव्हता.
आत आधीच पुष्कळ असणार.

रात्री माळ्यावरून विळी काढली.
मिरजेच्या बाजारातली, पाटाला एक चीर.
हे पातं हातात येत नाही,
पाय दाबून बसावं लागतं त्याच्यावर,
भाजीच चालत जाते त्याच्याकडे.
अस्तनीत निखारा मावेल,
विळी नाही मावायची.

गाडीच्या डिकीत, टॉवेलात बांधून नेली,
चोरासारखी, दर सिग्नलला मागे बघत.
रुडोनं जमिनीवर ठेवली, भोवती एक फेरी मारली.
"बसून कापायचं? वेडी माणसं तुम्ही."
मग बसली. अर्धा कोबी चिरला, वेडावाकडा.
तादिवा दारात, हुडी मागे सारलेली,
कान पहिल्यांदाच पाहिले मी त्याचे.

शुक्रवारी तो आला नाही.
सोमवारीही नाही.
मी उभी. ग्लेनरॉय उभा. तीन कप.

मंगळवारी चार वाजून वीस मिनिटांनी
पुलाखालून कुणीतरी येताना दिसलं,
धावत नव्हतं, हळूही नव्हतं.
अंधारात चेहरा कळेना.
मी चाल बघत राहिले.