तीन फुटांच्या आत

अंबड रोडला मोसंबीची बाग तोडून
कुणीतरी पाळणे उभे केलेत.
गेटवर प्लास्टरचा विदूषक,
एक हात आडवा पसरलेला.
त्याच्या तळव्याला डोकं टेकलं
तरच खेळता येतं.

दुर्वाला त्याच्याखाली उभं केलं.
जावळ आणि तळवा, मधल्या जागेत
एखादं कबुतर आरामात बसलं असतं.
तिकीटवाला म्हणाला, लेकरू फुकट आहे ताई,
पण तिला कशातच बसता नाही येणार.

मी म्हटलं, असू द्या.
मापांची मला सवय आहे.
अकराशे ऐंशी.
अकराशे साठ.
अकराशे वीस, त्या दिवशी डबा तसाच परत गेला.
बाराशे दहाला हे पेढे घेऊन आले,
सिस्टर म्हणाल्या, अहो, इतक्यात नको.

काचेच्या पेटीत निळा उजेड,
मुठीएवढी पोरगी, डोळ्यांवर पट्टी.
आत फक्त आईला सोडायचे.
हे मिलमधून तसेच यायचे,
भुवयांत लोखंडाची भुकटी,
आणि काचेबाहेरून एक बोट हलवायचे.
ती बघत नव्हती.
हे हलवत राहायचे.
त्रेचाळीस दिवस.

तर आता एवढं तिकीट काढलंय म्हणून
आकाशपाळण्यात एकटेच बसले.
एकदाच जाऊन येतो म्हणाले,
वरून मिल दिसती का बघतो.

आम्ही दोघी खाली.
तिला पाळण्याचं काही नव्हतं.
तिला सापडला होता एक पेंग्विन,
चोच उघडी, पोटावर लिहिलेलं, मला वापरा.
एक बिस्कीट त्याला.
एक बिस्कीट त्याला.
मी म्हटलं, बाई, तू पण खा की एखादं.
तिनं अर्धं चाटलं
आणि तेही त्याच्या तोंडात टाकलं.
एवढ्या वर्षांत त्या कचऱ्याच्या डब्याला
असं कुणी जेवू घातलं नसेल.

आणि लाईट गेली.
गाणं शब्दाच्या मध्येच तुटलं.
कप-बश्या थांबल्या, रेल्वे थांबली,
आकाशपाळणा थांबला,
हे सगळ्यात वर.
जनरेटरला डिझेल नव्हतं,
एक पोरगा कॅन घेऊन मोटरसायकलवर पिटाळला.

पाळणेवाला आला. तुमचं कुणी वर आहे का?
मी म्हटलं, परमेश्वर.
तो म्हणाला, तो तर वरच असतो ताई.
मग त्याला माझं तोंड दिसलं.

अहो, अशी हाक मारून पाहिली.
अहो तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही.
पुन्हा मारली.
मग तोंडाशी हातांचा भोंगा केला
आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा
चारचौघांत, उन्हात,
गळ्याच्या शिरा ताणून नाव घेतलं.

वर लोखंडी पिंजऱ्यात काहीतरी हललं.
इथून ते मुठीएवढे दिसत होते.

दुर्वानं मान मागं टाकली, इतकी
की मी पाठीला हात लावला.
बिस्किटानं माखलेलं एक बोट वर केलं
आणि हलवलं.
त्यांना दिसत होतं की नाही, देव जाणे.
ती हलवत राहिली.
पाऊण तास म्हणजे लेकराला काय असतं ते
कुठल्या काट्यावर मोजायचं?
मध्येच पेंग्विनकडे जाऊन यायची,
पुन्हा वर बघायची, पुन्हा बोट.

उतरले तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.
मिल दिसली का, मी विचारलं.
म्हणाले, खाली बघत होतो.

परत येताना गाडीवर ती आमच्या मध्ये,
नाक त्यांच्या पाठीत खुपसलेलं.
मी पुन्हा अहोवर आले होते.
पण तिनं दुपारचं नाव उचललं होतं,
दात नसलेल्या जागांतून जेवढं येईल तेवढं.
पम्मेसल! मोंढा आला, पम्मेसल!
सिग्नलवर रिक्षावाले वळून बघायला लागले,
तरी, पम्मेसल!

आणि प्रत्येक हाकेला,
क्लच दाबता दाबता, मान न वळवता,
परमेश्वर म्हणतो, ओ.