नमुना

अक्कलकोट रोडच्या गाळ्यात
काचेच्या धाग्याचा तागा उतरवला.
सिमेंटवाल्यांची ऑर्डर :
धूर गाळायच्या एकशे वीस पिशव्या,
दोनशे साठ डिग्री सोसणाऱ्या.

टेस्ट सर्टिफिकेट सकाळीच आलेलं.
तरी अम्मा डबा ठेवून रेंगाळली.
एकतीस वर्षं यंत्रमागावर काढलेली,
तिनं नखानं काठ उचकटला,
इंचात किती धागे, ते ओठांतल्या ओठांत
तेलुगूत मोजले.
‘कोण पांघरणार हे?’

‘चिमणी,’ म्हटलं.

हसली नाही.
अंगठा फिरवत फिरवत एका जागी अडली :
‘इथं ताणा तुटलाय.
गाठ मारून पुढं गेलंय कुणीतरी.’

मला काहीच दिसेना.
दारात टेम्पो, फोनवर पर्चेसवाल्या गुर्रमचे
दोन मिस्ड कॉल.

खडूनं गोल केला तेवढ्यावर.
अम्मा बोटं खाजवत
नळाकडं निघालेली.