किंमत सांगताना

किंमत सांगताना माझा आवाज खाली जातो.
एरवी नाही. ग्युमरीच्या बाजारात
बटाटेवाल्याशी भांडते तेव्हा
चौकातली कबुतरं उडतात.
पण कुणी नवा कोट अंगावर चढवून,
आरशासमोर अर्धं वळून विचारलं,
"किती झाले, आरुस्याक?"
की तोंडात टाचण्या असल्यासारखी पुटपुटते,
"द्या काय द्यायचं ते."
आणि लोक देतात.
काय द्यायचं ते.

आईचं पासबुक अजून आहे माझ्याकडे.
करड्या पुठ्ठ्याचं, कोपरे मऊ पडलेलं.
मोज्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
तिनं टाचा शिवल्या;
दर महिन्याला एक ओळ, जांभळ्या शाईत.
शेवटच्या ओळीत एक मोटार उभी होती,
रंगसुद्धा ठरला होता, पांढरा.
मग जमीन हलली.
कारखाना बसला, शहराचं नाव बदललं, नोटा बदलल्या,
आणि एका हिवाळ्यात
त्या सगळ्या ओळींचे मिळून दोन पाव आले.
आई पावांकडे बघत म्हणाली,
"पैसा म्हणजे बर्फ गं.
मुठीत धरशील, तर ओल तेवढी उरेल."

मी अकरा वर्षांची होते.
पत्र्याच्या डब्यात राहायचो आम्ही,
तिथं असली वाक्यं भिंतीवर दवासारखी धरतात,
पुसली तरी सकाळी पुन्हा.

म्हणून माझ्याकडे पैसा मुक्कामाला राहत नाही.
संध्याकाळपर्यंत त्याची साखर होते,
मीठ, रिळं, जर्दाळूच्या मुरंब्यासाठी बरण्या.
सत्तावीस बरण्या रिकाम्या आहेत घरात.
भाडं दर महिन्याला उसनं.

शावार्श पलीकडच्या डब्यात वाढला.
त्याच्या बापाचं पासबुकही तसलंच, तीच शाई.
त्यानं त्यात भलतंच वाचलं:
बुडाले ते ठेवणारे, घेणारे नव्हे.
आधी पडक्या इमारतींचे काळे दगड घेतले,
मग इमारती.
आता तीन घरं आहेत. एकाचं भाडं मीच भरते.
परवा गेले तर घरात कोट घालून बसला होता,
हीटर बंद, दिवा एक,
चहात साखर हवी का, विचारलं नाही.
एकाच धक्क्यात आमच्या भिंती पडल्या.
कुणाची कुठल्या अंगाला, एवढाच फरक
की त्याहून मोठा? मला सांगता यायचं नाही.

मध्यंतरी येरेवानहून एक सुटातला मुलगा आला,
ग्रंथालयात त्याचं भाषण झालं.
मन बदला म्हणाला, पैसा आपोआप येईल.
मी मागच्या खुर्चीवरून
त्याच्या बाहीची उसवलेली शिवण बघत होते.
फुकट घालून दिले असते चार टाके.
तेच तर.

गेल्या गुरुवारी नाझेली आली,
अकरा दिवस शिवलेला कोट न्यायला.
"किती?"
नव्वद हजार द्राम, मी म्हणाले.
शेवटच्या शून्यापर्यंत म्हणाले.
खोलीत दुसरीच कुणी बाई बोलल्यासारखं झालं.
नाझेलीनं मोबाईलमधून मान वर केली नाही.
"बरं," म्हणाली.
बरं!

दार लागलं तशी मी जिन्यात धावले,
अर्धे परत द्यायला, अनवाणी.
दुसऱ्या वळणावर पाय गारठले.
खाली तिच्या बुटांचा आवाज लांब जात होता.
कोट तिला नीट बसला होता,
पाठीत एक सुरकुती नव्हती.
मी वर आले.

त्या दिवशी साखर आणली नाही.
नोटा आईच्या पासबुकात ठेवल्या,
शेवटच्या ओळीनंतरच्या कोऱ्या पानात,
आणि पासबुक उशीखाली.
रात्री दोनदा उठून हात लावून पाहिलं.
कोरड्या होत्या.