दोन हिसके

मुहर्रकच्या गल्लीत, मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरात
माझं काम डोळे पुसायचं.
चाळीस चष्मे. रोज संध्याकाळी एकेकाची काच स्पिरिटनं पुसतो,
कुणाचा घाम, कुणाचा सुरमा,
मग ओळीनं चार्जिंगला लावतो.
हिरवे दिवे लुकलुकतात,
गुरं दावणीला बांधून झाल्यासारखं वाटतं.

चष्मा घातला की जमीन जाते.
आठ वाव पाणी डोक्यावर येतं,
नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळी,
आणि तळाशी शिंपले,
बोट दाखवाल तो उघडतो.
खरे कुठले उघडायला!
माझी आई आचऱ्याच्या खाडीत
पायाच्या अंगठ्यानं तिसऱ्या चाचपते,
गुडघाभर चिखलात, नजर भलतीकडेच.

हे सगळं जिनं बनवलं तिचं नाव दलाल.
फोनवर सांगितलं, दलालच्या हाताखाली काम करतो,
तर आईला रात्रभर झोप नाही.
अगं, इथं ते मुलीचं नाव. लाडाचं.

आणि काचेतल्या वहीत,
बोट फिरवलं की जिचं पान उलटतं,
मोत्याचं माप लिहिलंय: चव.
चिंचवडच्या एक बाई थबकल्या.
"मोत्याची चव?"
म्हटलं, वजन आहे ते, म्हणे आपल्याच किनाऱ्यानं दिलेलं.
बाईंनी काचेला जीभ लावायची
तेवढी बाकी ठेवली.

मर्झूक आजोबा मंगळवारी येतात,
असरची नमाज आटपून, काठी बाहेर ठेवून.
पहिल्यांदा चष्मा काढला तेव्हा दलालला म्हणाले,
पाणी बरोबर आहे. दगड बरोबर. अंधारसुद्धा.
दोर कुठाय?
माझा बाप खाली जात नसे, वर दोर धरून बसे.
खालून दोन हिसके आले की ओढायचं.
दिवसभर डोळे पाण्यावर, जेवतानासुद्धा.

दलालनं महिनाभर खपून
मनगटाच्या पट्ट्यात इवलीशी मोटर बसवली.
दुसऱ्या हिसक्याला थरथरायची.
आजोबांनी घातली, खिसा चाचपला,
म्हणाले, नातीचा फोन असेल.
आम्ही हसलो. दलाल नाही हसली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं काथ्याचा दोर आणला.
खराखुरा, तळहात सोलणारा,
पीळ असा की सुंभसुद्धा लाजावा.
एक टोक पाहुण्याच्या कमरेला.
दुसरं कुठे बांधायचं म्हणून खांब शोधत होती,
मग माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून मी यंत्राचा भाग आहे.
शाळेची पोरं उगाच हिसके देतात,
तरी ओढतो.
एक जर्मन बाई वर आल्या नि माझा हात सोडेनात.
एकजण देतच नाही हिसका, त्याला वाटतं
चित्रपट संपला की आपोआप वर येतो माणूस.

काल आजोबा उतरले.
तीन मिनिटांचा समुद्र. मी दोर सैल धरून.
एक हिसका आला.
दुसरा नाही.
त्यांच्या डोळ्यांसमोरचं पाणी एव्हाना विझलं असणार,
पांढऱ्या पडद्यावर आठ भाषांची यादी, निवडा म्हणून;
तिच्यात माझी नाही.
ते तसेच उभे, हात किंचित पुढे,
ओठ घट्ट मिटलेले.

दारात रांग. पर्यवेक्षक घड्याळ दाखवतोय.
दलाल म्हणाली, ओढ.
मी मान हलवली. एकच आलाय, म्हटलं.

दोराला ताण होता, थोडासा,
मासा लागावा इतकाही नाही,
माणूस श्वास घेतो तेवढा.
माझे डोळे त्या काथ्यावर.
पोरं गप्प झाली होती, का कोण जाणे.